मंद्रूपच्या भट्टीतलं ग्राफाइट

रसायनशास्त्र शिकवण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. चिपळूणच्या कॉलेजात कार्बनचा धडा आला की मी हातातली पेन्सिल उंच धरते, हिच्या आत ग्राफाइट आहे म्हणून सांगते आणि पुढच्या मुद्द्याकडे वळते. ग्राफाइट तयार होताना पाहायचा योग यंदा मार्चअखेरीस आला, आणि तोही सोलापूर जिल्ह्यात, मंद्रूपच्या माळावर.

हा योग रेणुकाने आणला. कोल्हापूरला विद्यापीठाच्या वसतिगृहात आम्ही एका खोलीत राहायचो. मी कोकणातली, ती मंद्रूपकडची. तिच्या घरी मेंढरं आणि कोरडवाहू शेती. शिक्षण झाल्यावर ती हैदराबादला एका प्रयोगशाळेत लागली आणि बरीच वर्षं तिथेच होती. मग नोकरी सोडून गावी परतली आणि वडिलांच्या रानात मिथेन वायूपासून ग्राफाइट करायची लहानशी भट्टी उभी केली. बॅटरीत घालतात ते ग्राफाइट. फोनवर ती याबद्दल अशी बोलायची, जशी बाकीच्या बायका पिठाच्या गिरणीबद्दल बोलतात.

या वेळी मात्र आवाज वेगळा होता. "बॅटरीचे सेल करणाऱ्या कंपनीच्या एक बाई हैदराबादहून भट्टी बघायला येणार आहेत. चालती भट्टी दाखवायचीय. त्याआधी तू ये. माझ्याशी रसायनातलं बोलणारं इथे कुणी नाही गं."

परीक्षा संपत आल्या होत्या. मी निघाले.

नवी पेठ

स्टेशनवर घ्यायला अंबादास आला होता. पन्नाशीचा, सडपातळ माणूस. रेणुकाच्या भट्टीवर तो फिटर आहे. त्याआधी सोलापुरात यंत्रमागावर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारा. घरी त्यांची भाषा तेलुगू, माझ्याशी मराठी, टेम्पोला आडव्या आलेल्या रिक्षावाल्याशी दखनी. तिन्ही भाषा तो श्वास न घेता बदलत होता.

"बाई, वाटेत नव्या पेठेत जरा काम हाय. मांजरपाट घ्यायचाय."

नव्या पेठेत टेम्पो आत शिरेना, म्हणून तो लांब लावून आम्ही पायी गेलो. ऊन असं की सावलीतही डोळे बारीक करावे लागत होते. आमच्याकडे मार्चात अंगाला घाम चिकटतो. इथे घाम फुटतो कधी आणि वाळतो कधी हे कळतच नाही, फक्त ओठांवर खारट चव राहते. कापडाच्या दुकानात गादीवर बसलेल्या शेटजींनी मांजरपाटाचा तागा उलगडला आणि विचारलं, "अस्तराला पाहिजे का?"

"न्हाय, पावडर गाळायची हाय."

"कसली पावडर?"

"काळी."

"मग काळंच कापड न्या की. डाग दिसायचा न्हाय."

"डागच बघायचा असतोय," अंबादास म्हणाला. शेटजींना ते पटलं नाही, पण कापड त्यांनी फाडून दिलं.

डागाचं कारण मला अंबादासने टेम्पोत बसल्यावर सांगितलं. भट्टीत लोखंडाची भुकटी टाकतात, तिच्या अंगावर कार्बन वाढतो. मग ती सगळी काळी पावडर आम्लात धुवायची, म्हणजे लोखंड विरघळून निघून जातं. पांढऱ्या कापडातून गाळताना कापड पिवळं पडलं तर लोखंड अजून उरलंय, पुन्हा धुवायचं. "आमच्या बायकोला वाटतं मी हितं धोबी झालोय," तो म्हणाला.

मंद्रूपचा रस्ता

सोलापूर मागे पडलं की जमीन सपाट होत जाते. ज्वारी काढून झाली होती. काळ्या रानात सड उभे होते आणि बांधाबांधावर कडब्याच्या गंजी रचलेल्या. कोकणात नजर दहा पावलांवर कशाला तरी अडते, झाडाला, गडग्याला, डोंगराला. इथे ती जाते तिकडे जाते. पहिल्या दिवशी मला त्याची थोडी भीतीच वाटली.

रेणुकाचं घर गावाबाहेर, रानातच आहे. घरापासून हाकेच्या अंतरावर पत्र्याची शेड, तिच्याशेजारी गॅसचा भलामोठा काळा फुगा, आणि शेडच्या छपरातून वर गेलेली एक नळी. पलीकडे बांध, बांधावरून चाकोरी, आणि चाकोरीच्या पलीकडे शेजारणीचं घर. मुख्य रस्त्यावरून भट्टीकडे यायला तेवढी एकच वाट, आणि ती शेजारणीच्या, म्हणजे गौराक्काच्या, बांधावरून.

रेणुकाचे वडील, आप्पा, दारातच बसले होते. सत्तरी ओलांडलेली, पण पाठ ताठ. मला वरून खालपर्यंत पाहून म्हणाले, "कोकनातनं आलीस व्हय? मग भाकरी चावंल का तुला?"

कडक भाकरीबद्दल म्हणत होते ते. ज्वारी मंगळवेढ्याची, भाकरी पापडासारखी पातळ आणि उन्हात ठेवल्यासारखी खुटखुटीत. आमच्याकडची तांदळाची भाकरी हातात घेतली की मान टाकते. ही मोडली की आवाज येतो. ती आमटीत चुरून, वर शेंगाची चटणी आणि कच्चा कांदा. मी दुसरी मागितली तेव्हा आप्पा रेणुकाला म्हणाले, "चावतीया की."

जेवताना त्यांनी भट्टीची त्यांच्या बाजूची हकीकत सांगितली. "तितं मेंढरं बसायची. मेंढरं बसली की रानाला खत. हिनं सांगितलं, आप्पा, लेंड्या, शेन, साखर कारखान्यातली मळी, ते प्रेसमड म्हनत्यात ती, समदं कुजवायचं, त्याचा गॅस करायचा. म्हनलं बरं. गॅसवर सैपाक करंल. तर न्हाय! त्या गॅसचं काळं करायचं. आनि ते काळं मोबाइलात घालायचं." ते माझ्याकडे वळले. "बाई, तू शिकलेली हायेस. हे खरं हाय का ही मला येडं करतीया?"

"खरं आहे, आप्पा."

"दोगी एकाच शाळंतल्या," आप्पा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

भट्टी

दुसऱ्या दिवशी सकाळी भट्टी चालू होती. वाचकांना थोडं रसायन सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आवडत नसेल त्यांनी हा परिच्छेद ओलांडावा. मोबाइलच्या किंवा विजेवरच्या गाडीच्या बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असतं. त्याचे थर पत्त्यांच्या जोडासारखे एकावर एक रचलेले असतात, आणि बॅटरी चार्ज होताना लिथियमचे कण त्या थरांमध्ये जाऊन बसतात, वापरताना बाहेर येतात. थर नीट रचलेले नसले तर कणांना बसायला जागा नाही. साधी काजळी म्हणजे विस्कटलेले पत्ते. ग्राफाइट खाणीतून काढतात, नाहीतर तेलाच्या गाळापासून भयंकर उष्णता देऊन बनवतात. रेणुकाची वाट तिसरी. मिथेनच्या एका रेणूत एक कार्बन आणि चार हायड्रोजन. हवा न लागू देता तो लोखंडाच्या तापलेल्या भुकटीवरून सोडला की तुटतो. हायड्रोजन वायू होऊन निघून जातो, कार्बन मागे राहतो. आणि लोखंडाच्या संगतीत तो कार्बन थर रचून बसतो, तेही त्या दुसऱ्या रीतीपेक्षा बऱ्याच कमी उष्णतेत.

शेडमध्ये विटांच्या भट्टीत मांडीएवढ्या जाडीची पोलादी नळी उभी होती. फुग्यातला गॅस आधी पाण्यातून, मग गंजलेल्या लोखंडी किसातून जायचा. त्यात सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू अडकून राहतो. तो पुढे गेला तर नळीतलं लोखंड निकामी होतं. धुतलेला गॅस खालून नळीत शिरायचा. वरून निघालेला हायड्रोजन परत भट्टीच्याच जाळात. ज्योत दिवसा दिसत नव्हती. रेणुकाने तिच्यावर लांबून कागदाचा बोळा धरला आणि तो एकदम पेटला तेव्हा मी दोन पावलं मागे सरले.

"धूर नाही?"

"हायड्रोजन जळला की पाणी होतं. हे माझं सगळ्यात आवडतं," ती म्हणाली. तिच्या तोंडावर वसतिगृहातला जुना भाव होता, रात्रीच्या मेसमध्ये शेवटचा पापड मिळाल्यावर असायचा तसा.

मागच्या खेपेची धुतलेली पावडर तिने माझ्या तळहातावर ठेवली. चिमूटभर घेऊन अंगठ्याने घासली तर काळा रंग मागे पडून राखाडी चमक आली. बोटं एकमेकांवरून घसरायला लागली, तेल लावल्यासारखी. मी वर्गात वर्षानुवर्षं 'थर एकमेकांवरून सरकतात' म्हणत आले होते.

गौराक्काची गच्ची

दुपारी भट्टी आपली आपण चालत होती, म्हणून मी पलीकडे शेजारणीकडे गेले. गौराक्का म्हणजे पासष्टीच्या आसपासची धिप्पाड बाई, कपाळभर कुंकू, बोलता बोलता मधूनच कानडीत घसरणारी. गच्चीवर जुन्या लुगड्यांवर कुरडया वाळत घातल्या होत्या. पांढऱ्याशुभ्र, एकसारख्या, गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत. नातीचं लग्न महिन्यावर आलं होतं आणि हे सगळं रुखवतासाठी.

"तुमच्याकडं करत्यात का?" तिने विचारलं.

"आमच्याकडे फणसपोळी, आंबोशी. कुरडया कमी. आमची वाळवणं अर्धी पावसाच्या भीतीने उचलायची."

"हितं पाऊस कुटला? हितं वाऱ्याची भीती. माती उडती." तिने एक अर्धवट वाळलेली कुरडई माझ्या हातावर ठेवली. "खा. लगीन हुईस्तोवर कुनाला देत न्हाय. तू पावनी हायेस म्हनून." आत मऊ, वरून कडक होत आलेली, लहानपणी चोरून खाल्लेल्या ओल्या पापडासारखी लागली.

मी खाली उतरून चाकोरी ओलांडत होते तेव्हा शेडमधून अंबादासची हाक ऐकू आली.

काटा

दाबाचा काटा चढत होता. सकाळी जिथे स्वस्थ पडून होता तिथून तो हळूहळू, पण न थांबता वर निघाला होता. रेणुका त्याच्यासमोर उभी होती.

"चोकप," ती मला म्हणाली. "कार्बन वाढला की जागा मागतो. खाली, गॅस शिरतो तिथेच जास्त वाढला असणार. नळी बंद होत आली."

अंबादासच्या हातात लांब सळई होती. "मॅडम, खालचं झाकन जरा सैल करतो. सळईनं दोन ठोके दिले की सुटंल. मागावर धागा अडकला तर आमी कारखाना बंद करत बसत न्हाय."

"नाही."

"मॅडम, उद्या पावन्या येनार."

"अंबादास, आत तापलेला हायड्रोजन आहे. झाकण सैल झालं आणि हवा आत गेली तर तुझी सळई त्या बाभळीपाशी सापडेल. तू कुठे सापडशील मला माहीत नाही."

"येवढ्या दिवसांची मेहनत..."

"माहीत आहे मला कितीची आहे ती."

तिने गॅसचा व्हॉल्व्ह फिरवून बंद केला आणि नायट्रोजनचा सिलिंडर उघडला. आतला जळणारा वायू नायट्रोजनने ढकलून काढायचा, आणि नळी थंड होईपर्यंत हात लावायचा नाही. म्हणजे उद्या भट्टी चालती दिसणार नाही. हे तिघांनाही त्या क्षणी कळलं. अंबादासने सळई भिंतीला टेकवून ठेवली.

दाब मात्र आधीच चढला होता. प्रेशर कुकरची शिट्टी हजारपट मोठी केली तर जसा आवाज होईल तसा फुत्कार करत सेफ्टी व्हॉल्व्ह उचलला गेला. छपरावरच्या नळीतून काळा लोट बाहेर पडला. पेटला नाही हे नशीब. वर जाऊन तो पसरला, वाऱ्यावर जरा तरंगला, आणि पदर टाकावा तसा गौराक्काच्या गच्चीवर उतरला.

"वाळवण!" मी ओरडले. आता ओरडून काय उपयोग होता?

आम्ही पोचलो तेव्हा गौराक्का गच्चीच्या मधोमध उभी होती. लुगड्यांवर बारीक काळी भुकटी पसरली होती आणि ओलसर कुरडयांच्या वेटोळ्यांत ती पार आत शिरली होती. तिने एक उचलून पुसली. काळं आणखीच पसरलं, आणि त्याला छान राखाडी चमक आली. ती चमक मी सकाळी कौतुकाने पाहिली होती.

"ये, ये, रेणुका. बघ तुज्या कारखान्याचं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "पोरीच्या रुखवतात काळ्या कुरडया मांडू व्हय? सासरची मानसं काय म्हनतील?"

"अक्का, चूक आमची आहे. मी..."

"तुज्या बापानं सांगितलं, पोरगी गावात काय तरी करतीया, वाट दे. म्या दिली. लेंड्याचा वास आला, म्या बोलले न्हाय. आता बोलते. उद्यापास्नं माज्या बांधावरनं तुमचं चाक जायाचं न्हाय."

रेणुकाने मान हलवली. कबूल केल्यासारखी. परत येताना ती वाटेत एकदा थांबली, ओढणीने तोंड पुसलं, त्यामुळे तोंडालाही काळं लागलं. घरी आल्यावर तिने कणगीतले गहू काढले, निवडायला बसली आणि मला म्हणाली, "सरक, तू पण घे." कुरडयांना गहू तीन दिवस भिजावे लागतात. तिने त्याच संध्याकाळी ते पाण्यात टाकले.

पाहुण्या

सकाळी बांधावर बाभळीच्या काटेरी फांद्या आडव्या पडल्या होत्या. हैदराबादच्या सुजाता मॅडमची गाडी तिथेच थांबली. चाळिशीच्या, काटकुळ्या, पायात चपला. नांगरलेल्या रानातून ढेकळं तुडवत त्या शेडपर्यंत आल्या आणि पहिला प्रश्न वाटेचा विचारला. मला वाटलं, रेणुका काहीतरी सांगून वेळ मारून नेईल. तिने सगळं क्रमाने सांगितलं: नळी, काटा, काळा लोट, कुरडया, बाभळी.

सुजाता मॅडमनी थंड भट्टीकडे पाहिलं. त्या हिंदीत बोलत होत्या. "मी चालती भट्टी बघायला आले होते."

"हो."

"मी जे पाहिलं तेच कळवीन. चालते असं ऐकलं, हे लिहिता येणार नाही."

"तेच लिहा," रेणुका म्हणाली. "दुपारपर्यंत थांबलात तर नळी उघडून दाखवते."

मला वाटलं होतं त्या जातील. त्या थांबल्या. आप्पांनी त्यांना ओसरीवर बसवून तांब्याभर ताक दिलं. त्या ते पीत असताना आप्पांनी अंबादासला मध्ये घातलं. अंबादास आप्पांचं मराठी ऐकायचा आणि पुढे तेलुगूत सांगायचा.

"इचार त्यास्नी, त्या काळ्याची परीक्षा कशी घेत्यात?"

सुजाता मॅडमनी सांगितलं की त्या पावडरीचा बटणाएवढा सेल करतात, आणि तो चार्ज करायचा, रिकामा करायचा, पुन्हा चार्ज करायचा, असं सारखं करून किती टिकतो ते पाहतात.

आप्पांनी मान डोलावली. "म्हंजे बैल घ्यायच्या आदी जुपून बघायचा. बराबर हाय."

हे भाषांतर होऊन पोचलं तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

दुपारी नळीचं झाकण निघालं. अंबादासने आतला गट्टा जपून खाली ओढला. तो उसाच्या कांडीसारखा एकसंध बाहेर आला आणि ताडपत्रीवर आडवा झाला. खालचा भाग दगडासारखा घट्ट, मंद काळा. वर वर जावं तसा सैल होत गेलेला, आणि वरच्या टोकाला अभ्रकासारखे पातळ चमकते पापुद्रे. सुजाता मॅडम ताडपत्रीवर मांडी घालून बसल्या. पांढरी सलवार होती, तिचा त्यांनी विचार केला नाही. मग पुढचा कितीतरी वेळ त्या आणि रेणुका अशा बोलत होत्या, जणू आम्ही बाकीचे तिथे नव्हतोच. गॅस खालीच का अडला, लोखंडाचा थर पातळ केला तर, आतली चाळणी हलती ठेवली तर. मलाही दोनदा विचारलं. एकदा उत्तर आलं, एकदा नाही आलं.

निघताना त्यांनी गट्ट्याच्या वरून, मधून आणि खालून असे वेगवेगळे नमुने बाटल्यांत भरून घेतले. आशा लावली नाही, मोडलीही नाही. पुन्हा ढेकळं तुडवत गाडीकडे गेल्या. त्यांची सलवार गुडघ्यापर्यंत काळी झाली होती. त्यातलं ग्राफाइट किती आणि सोलापूरची माती किती, सांगणं कठीण होतं.

चीक

मी दोन दिवसांनी निघणार होते, ते गहू भिजल्यामुळे राहिले. गहू वाटून, पाणी निवळून, खाली पांढरा दाट चीक बसला होता. आता तो शिजवायचा. रेणुकाने मोठं पातेलं चुलीवर ठेवलं, मग माझ्याकडे पाहिलं. आम्ही दोघींनी मिळून रसायनाची इतकी वर्षं काढली होती, पण कुरडईचा चीक कुणालाच येत नव्हता.

"अक्काला विचारते," ती म्हणाली आणि गेली. मी बांधापर्यंत तिच्या मागे गेले.

गौराक्का दारात तांदूळ निवडत होती. वर पाहिलं नाही.

"अक्का, चीक शिजवायचाय. मला येत नाही."

"मग कशाला भिजवला?"

"तुमच्या कुरडया माझ्यामुळे गेल्या म्हणून."

गौराक्काने सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "गुठळी झाली तर गहू बी गेला. सरक." आणि आमच्या पुढून, बाभळीच्या फांदीला वळसा घालून, ती आमच्या चुलीकडे चालू लागली.

त्यानंतर तिने आम्हाला कामाला लावलं. उकळत्या चिकात लाकडी दांडा फिरवताना खांद्यातून कळा येतात, आणि थांबलं की गुठळी. मग गरम गरम चीक सोऱ्यात भरायचा आणि चुलीशेजारी अंगणात पसरलेल्या लुगड्यांवर वेटोळी घालायची. माझी पहिली कुरडई कुत्र्याने चघळलेल्या सुतळीसारखी झाली. गौराक्काने ती न बोलता उचलून पुन्हा पातेल्यात टाकली. दुसरी राहू दिली.

निम्मं अंगण भरल्यावर ती बोलली. "वाळवनाच्या दिसांत भट्टी पेटवायची न्हाय."

"नाही पेटवणार," रेणुका म्हणाली.

"आनि त्या नळीचं तोंड माज्या घराकडं न्हाय."

"तिचं तोंड पाण्याच्या टाकीत घालते. पुन्हा कधी उडालं तर काळं पाण्यातच राहील. दुसऱ्या कुणाच्या घराकडेही जायला नको."

"ते तू बघ. तुजं शिक्षान काय कामाचं मग."

रेणुका खाली वाकून कुरडई घालत राहिली. तिचे डोळे भरले होते. चुलीच्या धुराने असेल असं मी धरून चालले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी अंबादासचा टेम्पो मला न्यायला आला तो थेट दारापर्यंत. बाभळीच्या फांद्या कुणी आणि कधी बाजूला केल्या ते मी पाहिलं नाही. गौराक्काने नव्या कुरडयांतल्या चार कागदात बांधून माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाली, "लगनाआदी कुनाला देत न्हवते, पन तुला द्यायला लागल्या. माज्या मोडक्या हातांनी घातल्यात, तुज्या न्हायत. भिऊ नगंस."

घरी

कोकणात परतल्यावर पहिले काही दिवस मला सगळीकडे दमट वाटत होतं, भिंतीसुद्धा. कॉलेज उघडायच्या आधी रेणुकाचा फोन आला. मागे मेंढरांचा गलका होता आणि आप्पा जवळच बसले होते, कारण ते मधूनच बोलत होते.

"हैदराबादहून कळवलंय," रेणुका म्हणाली. "गट्ट्याच्या वरच्या भागातली पावडर सेलमध्ये चालली. सारखी चार्ज करून रिकामी केली तरी टिकली. खालच्या भागातली साफ गेली, ती काजळीच आहे. मधल्या भागात लोखंड फार उरलंय. त्या दिवाळीनंतर परत येतो म्हणाल्यात, तोपर्यंत सगळी पावडर वरच्यासारखी करून दाखवा म्हणतात."

मी विचारलं, "म्हणजे चांगलंच झालं ना गं?"

ती उत्तर देणार तेवढ्यात आप्पांचा आवाज आला. "काय म्हनत्यात? पास का नापास?"

"एटीकेटी, आप्पा."

"ते काय असतंय?"

"वरच्या वर्गात बसू देत्यात. पन राहिलेला इषय परत द्यायचा."

आप्पा म्हणाले, "मग बस की अभ्यासाला. फोनवर काय बोलत बसलीयास?"